मधल्या सुट्टीची गोष्ट छापून होईपर्यंतची दोन वर्षं

जून २०२३ मध्ये माझी लेक पाचवीत गेली. चौथीपर्यंतची तिची शाळा घरापासून चालत सात मिनिटांवर होती, नाशिकच्या पंचवटीत, 'मेरी' या अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या बाजूला. वर्गात २८ मुलं आणि बाईंना सगळ्यांच्या आजीआजोबांची नावंसुद्धा पाठ. पाचवीला मात्र गोदावरीच्या पलीकडचं मोठं हायस्कूल, वर्गात ६२ मुलं. इंग्रजी पुस्तकांतली मुलं सहावीला 'मिडल स्कूल'मध्ये जातात. आपल्याकडे असा वेगळा उंबरठा नाही. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे दोन टप्पे आहेत खरे, पण महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळा अजूनही चौथीलाच संपतात. त्यामुळे आपल्या पोरांची ताटातूट होते ती दहाव्या वर्षी.

जुलैत तिचा डबा अर्धा परत यायला लागला. नंतर तिने भाजी-पोळीऐवजी पोळीचा रोल मागायला सुरुवात केली. मी दिला, फार विचार केला नाही. ऑगस्टमध्ये एका रात्री दिवा घालवल्यावर ती म्हणाली, "मधल्या सुट्टीत मी नळापाशी उभी राहते. बसायच्या जागा सगळ्यांच्या ठरलेल्या आहेत."

शाळेत जाऊन बाईंशी बोलू का, असं विचारलं तर तिने माझा हात घट्ट धरून ठेवला. नको म्हणाली. मग मला सुचलं ते एवढंच, की तिला एखादं पुस्तक द्यावं. सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे आपल्या १८४० सालच्या 'सावाना'त, दोन शनिवार मुलांची पुस्तकं चाळत बसले. किल्ले, चोर पकडणारी मुलं, भुतं, अंतराळ, प्राणी, सगळं हाताला लागलं. आजच्या शहरातली, बाकावर एकटी पडलेली मुलगी मराठीतून मला त्या दोन शनिवारांत भेटली नाही. भेटली ती अनुवादात. ते पुस्तक लेकीने दोन दिवसांत वाचलं आणि परत देताना म्हणाली, "आई, त्यांना जेवायला ट्रे मिळतो." बाकी काही बोलली नाही.

मी एका कंपनीत हिशेब बघते. लिहिण्याचा अनुभव म्हणाल तर कॉलेजच्या वार्षिक अंकातले दोन लेख. तरी त्या दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबर २०२३ मध्ये, दोनशे पानी वही घेऊन बसले. घरात वहीबंद कादंबरी ठेवून बसलेले आणि पुढे काय करायचं ते न कळणारे माझ्यासारखे बरेच असतील, म्हणून हे सगळं तारखा आणि आकड्यांसकट लिहिते आहे.

लिहायला बसल्यावर लेकीच्या आधी मीच आठवले. १९९४ साली वडिलांची बदली झाली आणि आम्ही सटाण्याहून नाशिकला आलो. मी पाचवीत. घरात अहिराणी. पहिल्याच आठवड्यात सुट्टीत पळणाऱ्या एका मुलीला मी विचारलं, "कथा चालनी?" म्हणजे कुठे चाललीस. ती थांबली, मैत्रिणींना बोलावलं आणि सगळ्या हसल्या. "कथा चालनी? कुठली कथा?" त्या दिवसापासून माझं नाव 'कथा' पडलं, ते आठवीपर्यंत टिकलं. मी अहिराणी बोलायचं सोडलं. शाळेत सोडलं, आणि काही महिन्यांनी घरीही.

माझ्या कादंबरीतल्या मुलीला वर्ग 'कथा' म्हणतो. तिचं खरं नाव वाचणाऱ्याला फार उशिरा कळतं.

रोज पहाटे ५ ते ६.३० एवढाच वेळ मिळायचा. वहीत लिहून झालं की रविवारी फोनवर टाइप करायचे. इथे एक सांगते: टायपिंग पहिल्यापासून युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर-संगणकावर तशीच दिसणाऱ्या अक्षरांत करा आणि दर आठवड्याला स्वतःलाच ईमेल करून ठेवा. फेब्रुवारीत माझा फोन पाण्यात पडला, तेव्हा नऊ प्रकरणं त्या ईमेलमुळेच वाचली. मार्च २०२४ च्या शेवटी, रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, पहिला खर्डा संपला. ३१,००० शब्द. शेवटी कथा आंतरशालेय शर्यतीत पहिली येते, वर्ग तिला खांद्यावर घेतो, असं मी लिहिलं होतं. लिहिताना मला रडू आलं होतं, त्यामुळे चांगलंच झालं असणार अशी माझी खात्री होती.

मे महिन्यात मी ते आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मुलांना वाचून दाखवलं. या संपूर्ण प्रवासातलं हे एक काम कुणीही चुकवू नये असं मला मनापासून वाटतं. पाचवी ते आठवीतली ९ मुलं, सहा संध्याकाळी, साडेसहाला ऊन उतरलं की सतरंजी टाकायची. भेळ आणि कुल्फीचा एकूण खर्च १,१४० रुपये. मी स्वतःला दोन नियम घालून घेतले होते. वाचताना समजावून सांगायचं नाही. आणि कुणी फरशी खरवडायला किंवा चपलेशी खेळायला लागलं, की त्या ओळीशेजारी पेन्सिलीने फुली मारायची.

रहाडीचं प्रकरण मला फार आवडलेलं होतं. नाशिकची रंगपंचमी, पेशवेकाळापासूनच्या त्या रहाडी, म्हणजे जमिनीतले रंगाचे हौद, त्या पाण्यात उड्या टाकून मारलेले धप्पे, काठावर उभी राहून बघणारी कथा. अकरा पानं होती. समासात चौदा फुल्या पडल्या. सहावीतली एक मुलगी अगदी जपून म्हणाली, "काकू, हे तुम्ही मोठ्यांना आवडेल असं लिहिलंय." खरं होतं. आता ते दोन पानांचं आहे.

चौथ्या संध्याकाळी शर्यत आली. वाचून झालं, मी मान वर केली. सगळे गप्प. मग सातवीतला एक मुलगा, जो तोवर एकदाही बोलला नव्हता, म्हणाला, "काकू, जिंकल्यावर तर सगळेच येतात. दुसऱ्या दिवशी डब्याला तिच्याजवळ कोण बसलं ते सांगा ना."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ३१,००० शब्द लिहिले आणि त्यात मधली सुट्टी फक्त पहिल्या प्रकरणात होती. वर्गाने त्या मुलीला स्वीकारावं असं मला हवं होतं, म्हणून मी तिला जिंकवलं. त्या पोराला माहीत होतं की न जिंकणाऱ्या मुलांनाही सुट्टीत कुठेतरी बसावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मी वाचलंच नाही. विचारलं, तुमच्याकडे डब्याला कोण कुठे बसणार ते कसं ठरतं? दीड तास बोलले सगळे. जूनच्या पहिल्या आठवड्यात ठरतं, मग वर्षभर हलत नाही. पाण्याची बाटली ठेवून जागा धरतात. एका व्हॅनमधली मुलं एकत्र बसतात. एखाद्या दिवशी कुणी गैरहजर असलं तर तेवढ्यापुरती जागा रिकामी होते, आणि ज्याला कुणी नसतं तो हजेरीच्या वेळीच ते टिपून ठेवतो. मला 'रुसणं-फुगणं' माहीत होतं, हे एवढं बारीक गणित माहीत नव्हतं. मी विचारलं, मग नवीन मुलीला कोण बोलावतं? त्यावर मघाचीच ती सहावीतली मुलगी म्हणाली, "बोलावत नाही कुणी, काकू. सरकतात." म्हणजे? तिने करून दाखवलं. समोर बघत, गप्पा चालूच ठेवत, ती सतरंजीवर वीतभर बाजूला झाली. बस, एवढंच.

माझी लेक कोपऱ्यात बसली होती. ती हळूच म्हणाली, "पोळीचा रोल असला तर उभ्याने खाता येतो. भाजी असली की बसावंच लागतं."

दहा महिने मी तो रोल करून देत होते.

शर्यतीचं अख्खं प्रकरण काढलं. जुलै ते सप्टेंबर २०२४ नव्याने लिहिलं. आता चौथ्या प्रकरणात एका मुलीची शेजारीण तापाने गैरहजर आहे, ती मुलगी कथाकडे न बघता बाकावर सरकते आणि कथा डबा घेऊन बसते. दोघी एक अक्षर बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी शेजारीण परत येते. मग तिघींचं काय होतं, त्यावर उरलेली कादंबरी उभी आहे. शब्द ३१ हजारांवरून २४ हजारांवर आले.

ऑक्टोबरात तीन प्रकाशकांना पाठवली. प्रत्येकाला पहिली तीन प्रकरणं, अर्ध्या पानात कथानक, १४ च्या अक्षरात ए-फोर प्रिंट, स्पायरल बाइंडिंग. एका प्रतीला ३१० रुपये आणि कुरिअर वेगळं. एकाचं तीन आठवड्यांत सभ्य नकाराचं पत्र आलं, की या वयासाठी छोटी चित्रमय पुस्तकं जातात, कादंबरी जात नाही. दुसऱ्याकडून काहीच नाही, दोनदा फोन करूनही. तिसऱ्याचा होकार आला फेब्रुवारी २०२५ मध्ये. घरात पेढे आणले. आठ दिवसांनी करार हातात पडला. त्यात ३०० प्रती मी विकत घ्यायच्या होत्या आणि पुस्तकाचे सगळे हक्क कायमचे त्यांचे होणार होते.

दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. मग एका वकील मैत्रिणीने समजावलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिलं त्या क्षणापासून हक्क लिहिणाऱ्याचा असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं तो राहतो. असा हक्क एका सहीने देऊन टाकताना निदान एक आठवडा झोप काढून मग ठरव, असं ती म्हणाली. मी आठवडाभराने नाही कळवलं. पैसे आपलेच जाणार असतील तर पुस्तकही आपलंच राहू दे. तुम्हीही कुठे हस्तलिखित पाठवलंत, तर निर्णय कधीपर्यंत कळेल हे पहिल्याच दिवशी लेखी विचारून ठेवा. मी ते केलं नाही आणि चार महिने फोनकडे बघत काढले.

मार्चमध्ये स्वतः छापायचं ठरवलं. पहिलं काम आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. यासाठी पैसे घेणारे मध्यस्थ भेटतात, पण हा क्रमांक आपल्या देशात मोफत मिळतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय यांच्या नावाची आयएसबीएन संस्था तो देते. अर्ज ऑनलाइन, आणि लेखकाला स्वतः प्रकाशक म्हणूनही करता येतो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, मुखपृष्ठ आणि शीर्षकपान अपलोड करावं लागतं. मी १० मार्चला अर्ज केला आणि तो परत आला. चूक माझीच. मुखपृष्ठावर नुसतं नाव होतं, आतल्या पानावर त्याखाली उपशीर्षक होतं आणि अर्जात तिसरंच काहीतरी टाइप केलेलं. तेव्हा आधी नाव पक्कं करा आणि तिन्ही ठिकाणी अक्षरन् अक्षर तेच ठेवा. पुन्हा भरल्यावर २३ दिवसांनी तेरा अंकी क्रमांक आला. २००७ च्या आधी हा क्रमांक दहा अंकी असायचा, म्हणून जुन्या पुस्तकांवर छोटा दिसतो. ई-पुस्तक काढायचं असेल तर त्याला वेगळा क्रमांक लागतो, हेही लक्षात असू द्या.

अक्षरजुळणीत मात्र माझा जीव मेटाकुटीला आला. डीटीपीवाल्यांनी माझा युनिकोड मजकूर त्यांच्या जुन्या फाँटमध्ये बदलला आणि सगळे 'ऱ्य' मोडले. 'दुसऱ्या'चं 'दुसर्‌या', 'पायऱ्या'चं 'पायर्‌या'. अशी ६४ ठिकाणं मी मोजली. 'ऱ्य', 'ऱ्ह' आणि रफार असलेल्या शब्दांची यादी करून पहिलं प्रूफ फक्त त्यासाठी वाचा, अर्थाकडे बघूच नका.

दुसरं प्रूफ मुद्रितशोधकांकडून परत आलं ते मी ऑफिसला जाताना बसमध्ये उघडलं. पान ९. 'कथा चालनी?' यावर लाल रेघ आणि वर सुबक अक्षरात 'कुठे चालली?'. पान १४, तेच. १७ ठिकाणी त्यांनी अहिराणी शुद्ध करून दिली होती. त्यांचा दोष नव्हता, मीच सांगितलं नव्हतं. पण पाचवीच्या वर्गात उभी असल्यासारखे माझे कान गरम झाले. उतरायचा थांबाही मागे गेला.

संध्याकाळी आईला सटाण्याला फोन लावला. ते सतराही संवाद वाचून दाखवले आणि बरोबर आहेत का विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "इतकी वर्षं तू माझ्याशीसुद्धा ही भाषा बोलली नाहीस." आणि लगेच, "तिसरं चुकलंय, परत वाच." तिने तीन वाक्यं सुधारली. मुद्रितशोधकांना मी 'या शब्दांना हात लावू नये' अशी यादी दिली आणि त्यांनी पुढच्या प्रूफात त्यातला एकही शब्द बदलला नाही. बोलीभाषेत लिहिणाऱ्याने ही यादी पहिल्या प्रूफासोबतच द्यावी.

चित्रं कलाशाखेत शिकणाऱ्या एका मुलीने काढली. पहिल्या चित्रात तिने चकचकीत वॉटर कूलर काढला होता. मग ती स्वतः एका शाळेत जाऊन नळांची रांग बघून आली. दुसऱ्या चित्रात सिमेंटचा चौथरा, एक गळका नळ त्याला बांधलेल्या फडक्यासह, आणि ओल्या जागेत पाय पडू नये म्हणून टाचा उंचावून उभी असलेली कथा. मला ते पुस्तकातलं सगळ्यात खरं पान वाटतं.

छपाईचं गणित थोडक्यात. पुस्तक १६ पानांच्या फॉर्ममध्ये छापलं जातं. माझी पानं १३१ भरली, म्हणजे तीन पानांसाठी आणखी एक फॉर्म. मी तीन पानं कापली आणि १२८ वर, आठ फॉर्मात बसवलं. आकार डेमी, आत ७० जीएसएमचा मॅपलिथो कागद, मुखपृष्ठ ३०० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). डिजिटलवर १०० प्रतींना प्रती ११८ रुपये पडत होते, ऑफसेटवर ५०० प्रतींना प्रती ६२. म्हणजे ३१,००० छपाई, ४,४८० अक्षरजुळणी, १,९२० मुद्रितशोधन, दहा चित्रांचे १२,००० आणि मुखपृष्ठाचे ५,०००. एकूण ५४,४००. दर ऐकून मी ५०० ला हो म्हटलं. आज कुणी विचारलं तर ३०० च छापा सांगेन, प्रतीमागे थोडे जास्त गेले तरी चालतील.

शाळा उघडल्या त्या आठवड्यात, जून २०२५ मध्ये, २५-२५ प्रतींचे २० गठ्ठे घरी आले. पहिली प्रत लेकीने घेतली आणि दार लावून वाचली. त्यावर आमचं काही बोलणं झालं नाही. रात्री ती प्रत तिच्या दप्तरात दिसली.

यानंतरचं एक काम नवख्यांना माहीत नसतं. १९५४ च्या कायद्याप्रमाणे पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत प्रकाशकाने स्वखर्चाने राष्ट्रीय ग्रंथालयाला कोलकात्याला, आणि मुंबई, चेन्नई व दिल्लीच्या ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. मुंबईतलं ग्रंथालय म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमधलं. स्वतः छापलं की प्रकाशक आपणच, त्यामुळे हे आपल्यालाच लागू होतं. पोस्टात चार पाकिटं देताना पत्ते लिहिता लिहिता मला वाटलं, 'कथा चालनी' आता कोलकात्याला चालली. पोचपावत्या जपून ठेवल्या आहेत.

विक्रीचं सांगायचं तर पुस्तकाची किंमत १८० ठेवली. दुकानं ४० टक्के कापून घेतात, हातात १०८ येतात, तेही तीन-चार महिन्यांनी. नोव्हेंबरअखेर २३१ प्रती गेल्या, ४६ भेट दिल्या, २२३ दिवाणाखाली आहेत. जवळपास ३०,००० रुपये परत आले. दिवाणात गठ्ठे ठेवणार असाल तर खाली प्लास्टिक अंथरा. पावसाळ्यात खालच्या गठ्ठ्याला ओल लागली आणि सहा प्रतींचे कोपरे फुगले.

शाळांमध्ये वाचायला मी दोनदा जाऊन आले. दोन्हीकडे पहिलं प्रकरण वाचलं, ओळीने सुरुवातीपासून. मुलांनी शांतपणे ऐकलं, टाळ्या वाजवल्या, आणि समासात फुल्या मारायच्या राहिल्या म्हणून मला काही कळलं नाही. या शनिवारी तिसऱ्या शाळेत पाचवीच्या वर्गावर जाते आहे. यावेळी चौथं प्रकरण वाचणार, पेन्सिल सोबत आहे. मुख्याध्यापकांकडून मधल्या सुट्टीच्या आधीचा तास मागून घेतला. लेकीला सकाळी विचारलं की डब्यात काय नेऊ. ती म्हणाली, "भाजी ने. म्हणजे तुला बसावं लागेल."